३०च्या टाइमलाइनवरची गड्डा यात्रा २५मध्ये कशी आणायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका तरुणाने सिद्धेश्वर यात्रेवर, म्हणजेच गड्डा यात्रेवर, २६ मिनिटांचा माहितीपट केलाय. मुख्य कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे २५ चित्रांचा. सोबत दोन मित्रांचे मोबाइल, दोन्ही ३०वर. सकाळचे काही ड्रोन शॉट २३.९७६चे. शिवाय काकांनी अमेरिकेहून आणलेल्या कॅमकॉर्डरवर १९९०च्या दशकात घेतलेल्या यात्रेची जुनी टेप. सगळं एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या ३०च्या टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर) कापलं आणि एक्सपोर्ट करताना २५ निवडलं. चॅनेलकडून फाइल परत आली: हालचालीत झटके, फील्ड ऑर्डर, म्हणजे फ्रेमच्या दोन अर्ध्या भागांचा क्रम, चुकीची. विचारणा अशी की, तयार फाइल नीट २५ करून देणारं सॉफ्टवेअर कोणतं? आणि एकाच कॅमेऱ्याचे नंदीध्वजांचे (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) काही शॉट चांगले दिसतात, काही अडखळतात, असं का?

तयार एक्सपोर्टवर कुठलंच सॉफ्टवेअर चालवू नका. त्या फाइलमधून जे गेलंय ते परत आणायची सोय कशातच नाही. तुमच्याकडे प्रोजेक्ट आहे, मूळ क्लिपा आहेत, म्हणजे काम वाचलेलं आहे. फ्रेम रेट बदलायचा तो एकदाच बदलायचा, मूळ क्लिपवरून बदलायचा आणि शॉट बघून बदलायचा. मी नव्या पेठेत एडिटिंगला बसायला लागलो तेव्हा टेपा होत्या, आता कार्डं आहेत. यात काही फरक पडलेला नाही.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण रोगाचं मूळ तिथेच सापडतं. तुमच्या कॅमेऱ्याने सेकंदाला २५ चित्रं घेतली. ३०च्या टाइमलाइनवर टाकल्यावर सॉफ्टवेअरला सेकंदाला ५ चित्रं कमी पडली, म्हणून त्याने दर पाच फ्रेमांमागे एक फ्रेम दोनदा दाखवली. मग एक्सपोर्टला तुम्ही २५ मागितलं. आता त्याला दर सहातली एक काढायची आहे. ती दुहेरी फ्रेमच काढली असती तर मूळ शॉट जसाच्या तसा हातात आला असता. पण सॉफ्टवेअर फ्रेम दुहेरी आहे का ते बघत नाही, फक्त वेळ मोजतं. ३०च्या टाइमलाइनवर शॉटची सुरुवात कुठल्या फ्रेमवर पडली, त्यावर पुढचं सगळं ठरतं. सुरुवात २५च्या खुणेशी जुळली तर शॉट सुखरूप. नाही जुळली तर खरी फ्रेम जाते आणि दुहेरी राहते. मग नंदीध्वजाची उंच काठी एक फ्रेम जागच्या जागी थांबते आणि पुढच्या फ्रेमला दुप्पट उडी मारते, असं सेकंदात पाच-पाच वेळा. तुमचे जे शॉट चांगले दिसतात ते नशिबाने चांगले आहेत. आणि वाईट एवढ्याचंच वाटतं की, ज्या फुटेजला हात लावायची काही गरजच नव्हती, तेच यात बिघडलं.

हा २५चा आकडा कुठून आला तेही सांगतो, कारण चॅनेलवाले उगाच अडवतात असा तुमच्या पत्रातला सूर आहे. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात चित्राचा वेग विजेच्या आवर्तनांशी जुळवून ठेवला, म्हणजे विजेच्या गुणगुणीने पडद्यावर पडणारे पट्टे वरखाली सरकू नयेत. आपल्याकडे वीज ५० आवर्तनांची, म्हणून सेकंदाला ५० फील्ड आणि २५ फ्रेम. दिल्लीत १९५९ला दूरदर्शन सुरू झालं, २ ऑक्टोबर १९७२ला मुंबईला आलं, १९८२ला रंगीत झालं. ६२५ ओळी आणि २५ फ्रेम ही चौकट तेव्हापासूनची. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिकडे ३०. तिथे १९५३ला रंग आला तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत घुसू नये म्हणून ३०ला १००१ने भागून १०००ने गुणलं, त्यातून २९.९७ हा विचित्र आकडा जन्माला आला. आज सोलापुरात विकला जाणारा मोबाइलही पेटीतून बाहेर येतो तो ३०वरच लावलेला. पुढे एचडी आलं, ओळी १०८० झाल्या, पण आपल्याकडे सेकंदाला ५० फील्ड तसेच राहिले.

फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम. चित्राच्या १, ३, ५, ७ या ओळी आधी जातात, २, ४, ६, ८ नंतर. दोन फील्ड मिळून एक फ्रेम. खऱ्या इंटरलेस चित्रात ही दोन अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणांची असतात, त्यांच्यात एका सेकंदाचा पन्नासावा भाग एवढं अंतर असतं. तुमच्या कॅमेऱ्याच्या २५ प्रोग्रेसिव्ह फुटेजमध्ये अख्खी फ्रेम एकाच क्षणाची असते. ते ५० फील्डमध्ये पाठवायचं तर एकाच फ्रेमच्या विषम ओळी एका फील्डमध्ये आणि सम ओळी दुसऱ्यात घालायच्या. काहीही गमवावं लागत नाही. म्हणून चॅनेलने १०८०आय (आय म्हणजे इंटरलेस) मागितलं की घाबरून २५ प्रोग्रेसिव्ह फुटेजवर कसलेही इंटरलेसचे फिल्टर लावत बसू नका.

आता एकेक फुटेज घेऊ.

ड्रोनचं काम सगळ्यात सोपं. सिद्धेश्वर तलावावरून मंदिराकडे येणाऱ्या त्या शॉटला स्वतःचा आवाज नाही. त्यातली एकही फ्रेम काढायची नाही, घालायची नाही. फक्त सॉफ्टवेअरला सांगायचं की ही क्लिप २५ची समज. रिझॉल्व्हमध्ये क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये, प्रीमियरमध्ये इंटरप्रिट फुटेजमध्ये ही सोय आहे. शॉट ४.२७ टक्क्यांनी वेगात जाईल, १० सेकंदांचा शॉट ९.५९ सेकंदांचा होईल, आणि बघणाऱ्या कोणालाही ते कळणार नाही. चोवीसच्या वेगाचे सिनेमे आपल्या टीव्हीवर बहुतेक याच रीतीने येत राहिले. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. आवाज असेल तर मात्र तोही ४ टक्के वर चढतो, म्हणजे एका अर्धस्वराच्या साधारण सत्तर टक्के. बोलण्यात ते खपून जातं, पण कोणी अभंग गात असेल तर कान असलेल्या माणसाला लगेच खटकतं. तिथे पट्टी जागेवर ठेवून वेग बदलणारा पर्याय वापरायचा.

मोबाइलचं फुटेज हा खरा गुंता, आणि तुमच्या माहितीपटाचा जीवही त्यातच आहे, कारण संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत मोठा कॅमेरा पोहोचलाच नव्हता.

पहिल्यांदा मोबाइलची प्रत्येक क्लिप मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि फ्रेम रेट मोड बघा. बहुतेक ठिकाणी 'व्हेरिएबल' लिहिलेलं सापडेल. म्हणजे मोबाइलने ठरलेल्या वेगाने चित्रं घेतलेलीच नाहीत. उजेड भरपूर असताना ३०, होम मैदानावर रात्री अंधारात आणखी कमी, असं त्याला जमेल तसं घेतलंय. आवाज मात्र आपल्या वेगाने सरळ गेलेला असतो. एडिटिंगला अशी क्लिप लांबवर चालवली की सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, शेवटी दोघांत अंतर पडलेलं असतं. अशा क्लिपा आधी स्थिर वेगाच्या केल्याशिवाय टाइमलाइनवर आणायच्या नाहीत. इथे बरेच जण एक चूक करतात: क्लिप आधी स्थिर ३०ची करतात, मग ती २५च्या टाइमलाइनवर टाकतात. म्हणजे पुन्हा दोनदा बदल. ज्या शॉटला फ्रेमा गाळूनच २५ करायचंय तो मूळ फाइलमधून थेट स्थिर २५ करा. फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एफएफएमपेगचा एफपीएस फिल्टर किंवा हँडब्रेकमधलं 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' प्रत्येक फ्रेमची खरी वेळ बघून निवड करतं. आधी ३० करायचं ते फक्त अशा शॉटसाठी, ज्यावर पुढे ऑप्टिकल फ्लो (ते काय, खाली सांगतो) चालवायचाय किंवा जो शॉट हळू करायचाय.

३०वरून २५ला यायच्या वाटा चार. पहिली, दर सहातली एक फ्रेम गाळणे. चित्रं सगळी खरी राहतात, पण सेकंदाला पाच उड्या येतात. दुसरी, शेजारच्या दोन फ्रेमा एकमेकींत मिसळणे, म्हणजे फ्रेम ब्लेंडिंग. उड्या दिसत नाहीत, पण हलणाऱ्या गोष्टीला भुतासारखी दुसरी कड येते. तिसरी ऑप्टिकल फ्लो: कुठला ठिपका कुठून कुठे गेला याचा हिशोब करून सॉफ्टवेअर मधली फ्रेम स्वतः रंगवतं. ३०वरून २५ला येताना दर पाच फ्रेमांपैकी एकच खरी असते, चार सॉफ्टवेअरने रंगवलेल्या असतात; हे लक्षात ठेवूनच हा पर्याय निवडायचा. चौथी वाट ड्रोनचीच, उलट दिशेने: एकही फ्रेम न बदलता क्लिप २५च्या वेगाने चालवायची. शॉट साधारण १७ टक्के हळू होतो, १० सेकंदांचे १२ सेकंद होतात.

कुठली वाट कुठे, हे तुमच्याच शॉटवर सांगतो. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात अक्षता सोहळ्याचा शॉट आहे. 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' होतं आणि हजारो हात एकदम वर जातात, पांढऱ्या बाराबंद्यांवर तांदळाचा पाऊस पडतो. मी यावर पहिले तिन्ही पर्याय लावून बघितले. ऑप्टिकल फ्लोने त्या शॉटची पार वाट लावली. कुठला दाणा पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेला हे त्याला ओळखता येत नाही, मग तो दाण्यांना ताणून रेघा करतो आणि मागच्या माणसांचे चेहरे पाण्यात बघितल्यासारखे हलवतो. ब्लेंडिंगमध्ये प्रत्येक दाणा दोनदा दिसला, अर्धा पारदर्शक. आणि फ्रेम सरळ गाळल्यावर? काहीही कळलं नाही. सैरावैरा पडणाऱ्या दाण्यांमध्ये डोळा कुठल्या एका दाण्याचा पाठलाग करत नाही, त्यामुळे एक फ्रेम गेली तर उडी जाणवत नाही. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामालाही हेच लागू. ठिणग्या एकमेकींना छेदून जातात, तिथे ऑप्टिकल फ्लो लावू नका. गाळा आणि पुढे चला.

नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मोबाइल शॉट याच्या बरोबर उलटा आहे. मोबाइल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरतोय आणि समोर सातही काठ्या उभ्या आहेत. उंच, सरळ, कडा स्पष्ट. डोळा त्या कडेला धरून चालतो. चादरीत एक आडवा धागा सुटला तर विणकराचं बोट थेट त्याच जागी जातं, तशी इथे गाळलेली प्रत्येक फ्रेम डोळ्याला टोचते. या शॉटला मी चौथी वाट घेतली असती: तिथला आवाज वेगळा काढून ठेवा, चित्र १७ टक्के हळू चालू द्या. काठ्या तोलत चालणाऱ्या मानकऱ्यांची चाल मुळातच संथ आहे. थोडी आणखी संथ झाली तर त्यात भारदस्तपणाच येतो. सनई-चौघड्याचा आवाज खाली सलग चालू राहील.

पण हाच उपाय हलगीवाल्यांच्या शॉटला लावू नका. काडी हलगीवर पडलेली दिसते आणि ठेका आधीच वाजून गेलेला असतो, हे सोलापूरकराला एका सेकंदात कळेल. तिथे वेळेला धक्का लावता येत नाही. तो शॉट जवळचा आहे, मोबाइल स्थिर आहे, मागे साधी भिंत आहे. अशा ठिकाणी ऑप्टिकल फ्लो चांगलं काम करतं. मात्र लावल्यावर तो शॉट फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून बघा आणि नजर काडीच्या टोकावर ठेवा. वेगात खाली येणारी काडी दोन-तीन ठिकाणी वितळल्यासारखी होईल. तेवढ्या तुकड्यापुरतं ऑप्टिकल फ्लो काढून फ्रेमा गाळायच्या. अख्ख्या शॉटला एकच औषध द्यायचं बंधन कोणी घातलेलं नाही.

मुलाखतींना फ्रेमा गाळणं पुरतं. बसून बोलणाऱ्या माणसात हालचाल थोडी, सेकंदाच्या पाच उड्या चेहऱ्यात विरून जातात. तुमचे ते ज्येष्ठ गृहस्थ हातवारे करत बोलतात, तिथे ऑप्टिकल फ्लोचा मोह होईल. पण त्यात बोटं एकमेकांत विरघळतात, आणि बोलणाऱ्या माणसाचे हात खोटे दिसणं हे मला झटक्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. फ्रेम ब्लेंडिंग मी या माहितीपटात कुठेच वापरणार नाही.

आता काकांची टेप. ही मला सगळ्यात मोलाची वाटते, त्यातली गर्दी, दुकानं, कपडे आता परत मिळणार नाहीत. ती अमेरिकेची पद्धत असल्यामुळे त्यात सेकंदाला ५९.९४ फील्ड आहेत, प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचा. तुम्ही तिचे काही तुकडे डीइंटरलेस करून (फील्डांच्या अख्ख्या फ्रेमा करून) २९.९७ केलेत आणि तिथेच निम्मी हालचाल फेकून दिलीत. मूळ कॅप्चरकडे, म्हणजे टेपवरून संगणकात पहिल्यांदा घेतलेल्या फाइलकडे, परत जा. प्रत्येक फील्डची एक अख्खी फ्रेम होईल असा डीइंटरलेस करा, म्हणजे ५९.९४ प्रोग्रेसिव्ह मिळेल. एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडिफ फिल्टर हे काम चांगलं करतो. डीव्ही या डिजिटल टेपच्या पद्धतीने कॅप्चर केलं असेल तर खालचा फील्ड आधी, हे त्याला सांगायला विसरू नका. मग त्याचा आकार वाढवा: चित्र ४:३चं आहे, ते १०८० उंच आणि १४४० रुंद बसवा, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. ताणून पडदाभर करू नका, त्यात माणसं बुटकी होतात. रंगही जुन्या एसडीच्या मापातून एचडीच्या मापात आणा, नाहीतर त्वचेचा रंग किंचित बदलतो. त्यानंतर ५९.९४वरून ५०वर या. इथेही दर सहातली एक फ्रेमच जाते, पण प्रत्येक उडी निम्म्या वेळेची असल्याने ती फारच कमी जाणवते. शेवटी ५० प्रोग्रेसिव्हचे ५० फील्ड करा, वरचा फील्ड आधी. इंटरलेस करताना उभ्या दिशेने हलका मऊपणा देणारा फिल्टर चालू ठेवा. टेपमध्ये चादरींच्या दुकानाचा जवळचा शॉट आहे. त्या बारीक आडव्या नक्षीतल्या एकेका ओळीच्या रेघा मऊ केल्या नाहीत तर टीव्हीवर थरथरतात.

हा क्रम उलटापालटा करू नका. इंटरलेस चित्र तसंच्या तसं लहान-मोठं केलं तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि मग त्यांना कोणीही सोडवू शकत नाही. म्हणूनच ही तयार झालेली क्लिप टाइमलाइनवर आल्यावर तिचा आकारही बदलायचा नाही.

टाइमलाइन नवी करा: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, इंटरलेस, वरचा फील्ड आधी. रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप आत यायच्या आधीच प्रोजेक्टचा वेग ठरवावा लागतो, त्यामुळे नवा प्रोजेक्टच उघडा. जुनं एडिटिंग एक्सएमएलने आणता येईल. कटच्या जागा किंचित सरकतील, कारण ३०वरची प्रत्येक जागा २५वर सापडत नाही. २६ मिनिटांत जितके कट असतील तितके सगळे एकदा बघून घ्या. कंटाळवाणं आहे, दीड-दोन दिवस जातील. पण एखाद्या कटला मागच्या शॉटची एक फ्रेम चुकून डोकावली तर ती पांढऱ्या ठिणगीसारखी दिसते, आणि तपासणारा माणूस अशाच फ्रेमांसाठी बसलेला असतो. ज्या शॉटचा वेग बदललात तिथे जागा कमी-जास्त होईल, ती हाताने जुळवा. संगीत आणि निवेदन सेकंदांत चालतं, त्याला काही करावं लागत नाही.

शीर्षकं आणि श्रेयनामावली जुन्या एक्सपोर्टमधून उचलू नका, नव्या टाइमलाइनवर नव्याने करा. खालून वर सरकणारी नावं एका फील्डला २ किंवा ४ ओळी अशा सम वेगाने सरकली पाहिजेत. एका फील्डला एकच ओळ सरकवली तर अक्षराच्या निम्म्याच ओळी पडद्यावर येतात आणि मात्रा-वेलांट्या तुटतात.

फील्ड ऑर्डरबद्दल मला स्वतःला बसलेला फटका सांगतो. डीव्ही टेपांच्या काळात पंढरपूरच्या वारीवरचा एक कार्यक्रम मी एका चॅनेलला दिला होता. डीव्ही खालचा फील्ड आधी देते. मी एक्सपोर्ट करताना वरचा आधी निवडला. संगणकाच्या पडद्यावर सगळं उत्तम दिसत होतं, कारण संगणक दोन्ही फील्ड एकदमच दाखवतो. टीव्हीवर लावल्यावर प्रत्येक हालचाल दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी दिसायला लागली. पळणारे वारकरी जागच्या जागी थरथरत होते. टेप परत आली, प्रसारणाचा दिवस हुकला, आणि आषाढी वर्षातून एकदाच येते. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक साधा टीव्ही असतो आणि त्यावर बघितल्याशिवाय मी काहीही बाहेर देत नाही. तुमच्या फाइलचंही तेच झालंय. काकांच्या टेपचे जे तुकडे डीइंटरलेस न करता घेतलेत ते खालचा आधी, तुमचा एक्सपोर्ट वरचा आधी, आणि मधे कोणी कोणाला काही सांगितलं नाही. काही ठिकाणी कंगव्यासारखे दाते दिसतात तेही त्यामुळेच.

एक्सपोर्ट करताना चॅनेलने दिलेला तांत्रिक कागद समोर ठेवा. बऱ्याच ठिकाणी १०८०आय, ५० फील्ड, एमएक्सएफ पेटीत (फाइलच्या प्रकारात) एक्सडीकॅम ४:२:२, ५० मेगाबिट असं मागतात. तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते शब्दशः द्या. आवाज ४८ किलोहर्ट्झ. आवाजाच्या पातळीचा आकडाही त्याच कागदावर असेल. हलग्यांचा कडकडाट आणि निवेदन एकाच पातळीवर ढकलू नका.

पुढच्या यात्रेसाठी आत्तापासून एवढं करा. मोबाइल २५वर लावता येतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'शो पाल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ दिसतं. इतर मोबाइलवर वेग स्थिर ठेवणारं एखादं कॅमेरा अॅप घ्या. शटर सेकंदाचा ५०वा किंवा १००वा भाग. आपल्या विजेवरची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते. ३० फ्रेम आणि ६०व्या भागाच्या शटरवर हा हिशोब जुळत नाही, आणि दर तीन फ्रेमांनी उजेड कमी-जास्त होत राहतो. तुमच्या रात्रीच्या दुकानांच्या शॉटमध्ये जी फडफड आहे ती हीच. ती कमी करणारे फिल्टर मिळतात, रिझॉल्व्हच्या पैशाच्या आवृत्तीत 'डीफ्लिकर' आहे. मात्र ते २५ करायच्या आधी, मूळ ३०च्या क्लिपवरच लावा. फ्रेमा गाळल्या की तीन फ्रेमांचं ते चक्र मोडतं आणि फिल्टरला धरायला काही उरत नाही.

फाइल तयार झाली की पेनड्राइव्हवर घालून घरच्या टीव्हीवर लावा. टीव्हीला एमएक्सएफ वाचता आली नाही तर त्याच टाइमलाइनवरून इंटरलेस एमपेग-२ची एक प्रत काढा. सोफ्यावर बसून नाही, पडद्याच्या हातभर जवळ उभं राहून बघा. चार जागा आधी बघायच्या: काठ्यांचा फिरता शॉट, हलगीची काडी, काकांच्या टेपमधलं चादरीचं दुकान आणि शेवटची सरकती नावं. या चार ठिकाणी काही अडलं तर त्या शॉटची मूळ क्लिप आणि मीडियाइन्फोचा मजकूर मला पाठवा, एक्सपोर्ट पाठवू नका.